रुग्णापर्यंत नेमके काय पोचले? आरोग्यसेवेत बोलण्याची आणि पडताळण्याची रीत

वॉर्डात, दवाखान्यात किंवा घरी जाऊन सेवा देताना होणाऱ्या बऱ्याच गफलती दोन सभ्य माणसांच्या नीट चाललेल्या बोलण्यातून होतात. एकाने सांगितले, दुसऱ्याने मान हलवली आणि दोघांच्या डोक्यात वेगवेगळे चित्र राहिले. मान हलली म्हणजे समजले, असे धरून न चालण्याची ही रीत आहे. परिचारिका, डॉक्टर, काळजीवाहक, समाजसेवक अशा सगळ्यांना ती लागू पडते.

तोंड उघडण्याआधी

टीव्ही बंद करा, पडदा ओढा. चष्मा डोळ्यांवर आहे का, कवळी तोंडात आहे का, श्रवणयंत्र कानात आहे का आणि त्याची बॅटरी चालू आहे का, ते बघा. गोंधळलेला वाटणारा रुग्ण पुष्कळदा फक्त ऐकू न आलेला असतो.

ऐकायला कमी येणाऱ्यांसमोर साधारण 1 ते 1.5 मीटरवर, डोळ्यांच्या पातळीला बसा. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, कारण चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. ओरडण्याने फायदा होत नाही. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजने. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजने तिथेच राहतात, शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. थोडे सावकाश, खालच्या पट्टीत बोला. वाक्य समजले नाही तर तेच तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला.

मग स्वतःचे नाव, काम आणि आत्ता काय करणार ते सांगा: "मी इथली परिचारिका, तुमच्या पायाची पट्टी बदलायला आले आहे. आत्ता बदलू का?" शेवटचा प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी खरोखर थांबा, नाहीतर ती परवानगी नसून घोषणा होते. ओळख पटवताना "तुम्ही सुमनबाई ना?" असे विचारू नका. झोपेतला, घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा" असे विचारा आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघा.

हाक कशी मारायची तेही एकदाच विचारून घ्या. कुणाला आजी आवडते, कुणाला आडनावाने बाई. "काय, जेवलो का आपण?" हे लाडीक अनेकवचन मात्र पूर्ण टाळा. सत्तरीतल्या माणसाशी बाळासारखे बोलले की तो एकतर चिडतो किंवा बोलणेच सोडतो.

पहिली दोन मिनिटे

1984 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टरांनी त्याला तोडल्याचे आढळले. 2002 मधल्या स्वित्झर्लंडच्या अभ्यासात डॉक्टरांनी मुद्दाम गप्प राहायचे ठरवले, तेव्हा रुग्ण सरासरी 92 सेकंदच बोलले. म्हणजे "बोलू दिलं तर संपायचंच नाही" ही भीती मोठी आणि वेळ छोटा. "काय होतंय ते सुरुवातीपासून सांगा" म्हणा आणि हात कीबोर्डवरून काढा. "हं", "मग?" एवढेच पुरते.

बोलणे संपले की "आणखी कशाबद्दल बोलायचंय?" विचारा. "अजून काही नाही ना?" या प्रश्नात उत्तर आधीच दिलेले असते. खरा त्रास अनेकदा दुसरा किंवा तिसरा येतो, लाजेचा असेल तर दाराशी उभे राहून येतो.

शब्द फोडून घ्या

रुग्णाचा शब्द आणि आपल्या डोक्यातला आजार यांची घाईने गाठ बांधली की चुकते. "चक्कर येते" याचे किमान तीन अर्थ निघतात: भोवतालचे फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा चालताना तोल जातो. तिन्हींचा तपास वेगळा. "गॅस झालाय" म्हणजे पोट फुगले असेल, ढेकर येत असतील किंवा छाती दाबल्यासारखी होत असेल. हा तिसरा अर्थ विचारायचा राहिला, तर हृदयविकार गोळीवर घरी जातो. "अशक्तपणा" म्हणजे थकवा की एका हातातली ताकद गेली? शब्द न वापरता पुन्हा सांगायला लावा: "चक्कर हा शब्द बाजूला ठेवा, तेव्हा नेमकं काय होतं ते सांगा."

उलट दिशेने आपले शब्दही तपासा. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय" ऐकून हसलेले नातेवाईक असतात, कारण पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. सरळ सांगा: "तपासणीत क्षयाचे जंतू सापडले."

मराठीच्या स्वतःच्या खोड्या आहेत. "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही, म्हणून वार आणि तारीख दोन्ही सांगा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर सारखेच ऐकू येतात. आकडे सुटे उच्चारा: "पाच-नऊ". पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द समोरच्याला येतातच असे धरू नका. गोळी तोडून दाखवा.

सांगणे आणि उलट ऐकणे

एका वेळी दोन-तीन मुद्दे, त्याहून जास्त नाही. सर्वांत महत्त्वाचा आधी. औषध सांगण्यापूर्वी त्या माणसाचा दिवस विचारा: कधी उठतो, किती वेळा जेवतो, रात्रपाळी असते का. "तीन वेळा जेवणानंतर" लिहून दिले आणि तो जेवतोच दोनदा, तर तिसरा डोस आपणच बुडवलेला असतो. "एक चमचा" म्हणताना आपल्या मनात 5 मिलिलिटर असते, पण घरातल्या चमच्यांचे माप ठरलेले नसते. मापाचे झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज द्या आणि खुणेवर बोट ठेवून दाखवा.

धोका सांगताना "दुप्पट" हा शब्द एकटा वापरू नका. हजारात एकाचे हजारात दोघे झाले तरी दुप्पटच. "तुमच्यासारख्या 1000 जणांपैकी 2 जणांना असं होतं, 998 जणांना होत नाही" असे दोन्ही बाजूंनी सांगा.

आता या रीतीचा कणा. "समजलं का?" हा प्रश्न टाकून द्या, त्याला "हो" शिवाय उत्तर मिळत नाही. न समजल्याची कबुली द्यायला लाज वाटते, म्हणून परीक्षेचा भार आपल्याकडे घ्या: "मी बरंच भरभर सांगितलं. मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. ही गोळी घरी कशी घ्याल, ते तुम्ही मला सांगा." उत्तर चुकले तर तेच वाक्य पुन्हा म्हणून उपयोग नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा, चित्र काढा, मग पुन्हा विचारा. दोनदा चुकले तर माहिती कमी करा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरात औषध देणारी व्यक्ती कोण, ते शोधून तिला बोलवा. श्वासाचा पंप किंवा इन्सुलिनचे पेन असेल तर तोंडी उत्तर पुरत नाही, हातात देऊन करून दाखवायला सांगा. पंप नीट न हलवणे, दाबणे आणि श्वास घेणे एका वेळी न जमणे, पेनची सुई दहा सेकंद न ठेवता काढणे, या चुका बोलण्यात कधीच दिसत नाहीत.

इथे हमखास बिघडते ते असे की हे सगळे घरी सोडताना, नातेवाईक रिक्षा आणायला गेलेले असताना, एकदाच उरकले जाते. प्रत्येक मुद्द्यानंतर एकदा विचारले तर अर्धा मिनिट लागतो.

जिथे शब्द अपुरे पडतात

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला एका वेळी एकच प्रश्न, आणि मग थांबायचे. मनात दहा मोजा. उत्तर तयार होत असताना दुसरा प्रश्न टाकला की तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. "काय घालायचं?" पेक्षा दोन कपडे हातात धरून "हा की हा?" सोपे. "माझी आई कुठे आहे?" असे विचारले तर ती वारल्याचे दरवेळी सांगू नका, प्रत्येक वेळी ते दुःख नवे असते. "आईची आठवण येतेय का? कशी होती?" असे भावनेला धरून बोला.

पक्षाघातानंतर बोलता न येणाऱ्या माणसाची समज शाबूत असू शकते. त्याच्यासमोर त्याच्याविषयी नातेवाइकांशी बोलणे हा या क्षेत्रातला सर्वांत रूढ अपमान आहे. हो-नाहीचे प्रश्न विचारा. हो कसे दाखवायचे ते आधी ठरवा आणि ज्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे अशा प्रश्नाने ते पक्के करा.

दुभाषा असेल तर नजर आणि वाक्य रुग्णाकडे ठेवा: "तुम्हाला कधीपासून दुखतंय?" "त्यांना विचारा" नको. वाक्ये छोटी ठेवा. घरातल्या मुलाला दुभाषा करू नका. मूल अवघड भाग गाळते, आणि आईही मुलासमोर सगळे बोलत नाही.

वाईट बातमीसाठी 2000 साली प्रसिद्ध झालेली, स्पाइक्स नावाने ओळखली जाणारी सहा पायऱ्यांची पद्धत चांगली आहे: जागा नीट करणे, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारणे, किती ऐकायचे आहे ते विचारणे, सांगणे, भावनांना जागा देणे, पुढची दिशा ठरवणे. दुसरी पायरी गाळली जाते आणि तिथेच बिघडते. सांगण्याआधी सूचना द्या: "बातमी चांगली नाही." मग एका वाक्यात सांगा आणि गप्प राहा. ती शांतता भरून काढण्यासाठी उपचारांची यादी सुरू करू नका, त्यातले काही ऐकले जात नाही.

सहकाऱ्याला सांगताना

अमेरिकी नौदलातून आरोग्यसेवेत आलेली एसबार पद्धत चार घरांची आहे: स्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. रात्री फोन करायचा झाला तर असे:

"डॉक्टर, वॉर्ड चारमधून सिस्टर बोलतेय. खाट सातवरच्या रुग्णाला अचानक दम लागलाय. श्वसनगती मिनिटाला 18 होती, आता 30 आहे; ऑक्सिजन 96 वरून 88 टक्क्यांवर आला. वय 68, खुब्याची शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झाले. फुफ्फुसात गुठळी गेली असावी असं मला वाटतं. ऑक्सिजन लावलाय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. तोवर ईसीजी काढू का?"

अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. पार्श्वभूमीने सुरुवात केली की झोपेतला माणूस मुद्द्यापर्यंत पोचत नाही. दुसरी चूक मागणी गाळण्याची: "म्हटलं कळवून ठेवावं" म्हणून फोन ठेवला की यायचे की नाही, हे न सांगता सोडून दिलेले असते. ऐकले जात नसेल तर पायरी चढवा: "मला काळजी वाटते", मग "मला हे पटत नाही", मग "हे रुग्णासाठी सुरक्षित नाही, थांबा."

तोंडी आदेश आधी लिहा, मग वाचून दाखवा आणि "बरोबर" हे ऐका. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजारपटीचा फरक आहे, म्हणून एकक पूर्ण उच्चारा आणि पूर्ण लिहा. दशांश चिन्हाआधी शून्य हवेच (0.5), पूर्ण आकड्यानंतर नकोच, कारण 5.0 चे 50 वाचले जाते. इन्सुलिनपुढे "यू" न लिहिता "युनिट" लिहा. इंग्रजी यू अक्षर शून्यासारखे दिसते आणि 4 युनिटचे 40 होतात.

नोंद

"रुग्ण असहकार करतो" ही नोंद पुढच्या पाळीला काही सांगत नाही, उलट त्यांचे मन आधीच कलुषित करते. "सकाळी 8 वाजता गोळी नाकारली, 'घेतली की मळमळतं' असं सांगितलं" हे लिहा. त्यावरून औषधाची वेळ बदलता येते. उलट विचारून खात्री केली असेल तर तेही रुग्णाच्या शब्दांत लिहा, आणि उत्तर चुकले होते तर कोणत्या मुद्द्यावर, ते नक्की. उद्या फोन करणारा तिथूनच सुरुवात करेल.