पालकाच्या पानातली हवा पाहायची कशी

दहावी-बारावीची मुलं माझ्याकडे सदाशिव पेठेत जीवशास्त्र शिकायला येतात. पानाचा छेद काढताना खालच्या पेशींमधल्या मोकळ्या जागांना बहुतेक जण नावच देत नाहीत. एकीने तर त्या हिरव्या पेन्सिलीने भरून टाकल्या होत्या. म्हणाली, "बाई, तिथे रिकामं दिसत होतं." तेव्हापासून आकृतीच्या आधी मी हा प्रयोग करून घेते.

मंडईतून सकाळी आणलेली पालकाची जुडी घ्या. कोमेजली असेल तर देठं तासभर पाण्यात ठेवा. सुकलेलं पान पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, मिटून बसतं. कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन, मेडिकलमधून १० मिलीची बिनसुईची सिरिंज, खाण्याचा सोडा, भांड्यांचं लिक्विड, काचेचे दोन ग्लास आणि एलईडीचा टेबललॅम्प, एवढं पुरे. साधा पिवळा बल्ब नको, पाणी तापतं.

३०० मिली पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम सोडा विरघळवा, म्हणजे पाव चमच्याच्याही निम्मा. खडकवासल्याचं नळाचं पाणी चालतं. त्यात लिक्विडचा एकच थेंब घाला. पानावरच्या मेणचट थरावर पाणी ठरत नाही, म्हणून हा थेंब. फेस मात्र होऊ देऊ नका.

जाड शिरा टाळून पंचने दहा टिकल्या पाडा. दट्ट्या काढून त्या सिरिंजमध्ये टाका, दट्ट्या अलगद बसवा, चारेक मिली द्रावण ओढा आणि वरची हवा घालवा. टिकल्या तरंगत असतील. आता सिरिंजच्या तोंडावर बोट घट्ट दाबा, दट्ट्या मागे ओढून धरा आणि मनात दहा मोजा. टिकल्यांच्या कडांना बारीक बुडबुडे सुटतात. ही पानाच्या आतली हवा. दट्ट्या सोडला की तिच्या जागी पाणी शिरतं.

इथे अजिबात घाई करू नका. सिरिंज खिडकीच्या उजेडात धरा. मघाशी फिकी दिसणारी टिकली ठिपक्याठिपक्याने गडद होत जाते, ओल्या होत चाललेल्या कापडासारखी, आणि तिच्यातून पलीकडचा उजेड दिसायला लागतो. हवा आणि पेशीभित्तिका जिथे भेटतात तिथे उजेड विखुरतो. मध्ये पाणी भरलं की विखुरणं कमी होतं. पानाची खालची बाजू फिकी दिसते त्यातही या हवेचा मोठा वाटा आहे: वर स्तंभी ऊतीच्या (ऊती म्हणजे सारख्या पेशींचा समूह) उभ्या पेशी दाटीने उभ्या, खाली स्पंजी ऊती सैल, वेडीवाकडी, पोकळ्यांनी भरलेली. पालक उकळत्या पाण्यात टाकल्याबरोबर हिरवागार उजळतो ना, तेव्हाही आतली हवाच बाहेर पडत असते.

दोन-तीनदा ओढलं की टिकल्या तळाला जातात. तिथे थांबा. मागे एका मुलाने जोर लावून सात-आठ वेळा ओढलं. पेशीच दुखावल्या आणि दिव्याखाली एकही टिकली हलली नाही.

आता सोडा कशासाठी, ते. कार्बन डायऑक्साइड हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या जवळपास १०,००० पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. हा एक आकडा मी फळ्यावर मोठा लिहिते. बाहेरच्या हवेत हा वायू असतो जेमतेम ०.०४ टक्के. तेवढ्यावर भागवायचं म्हणून पान पर्णरंध्रापासून पेशीच्या भिंतीपर्यंत हवेच्या वाटा मोकळ्या ठेवतं आणि हरितलवकं, म्हणजे पेशीतले अन्न बनवणारे हिरवे कण, त्या भिंतीलाच चिकटून बसवतं. पाण्यातून करायचा प्रवास मग मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकाच उरतो. आपण त्या वाटा पाण्याने बुजवल्या, म्हणून कार्बन पाण्यातच विरघळवून द्यायचा.

एका ग्लासात सोड्याचं पाणी आणि या टिकल्या. दुसऱ्यात फक्त लिक्विड घातलेलं पाणी आणि त्याच पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या दहा. दोन्हींवर वीतभर अंतरावरून सारखाच उजेड पाडा आणि दर मिनिटाला तरंगणाऱ्या टिकल्या मोजा. थोड्या वेळाने सोड्याच्या ग्लासात एखाद्या टिकलीच्या कडेला मोहरीहून बारीक बुडबुडा धरतो, ती एका अंगाने उचलते, जरा डुलते आणि सरळ वर येते. प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन त्याच पोकळ्यांमध्ये साठतो. दहापैकी पाच वर यायला लागलेला वेळ लिहून ठेवा. पुढे लॅम्पचं अंतर बदलून तुलना करता येते. साध्या पाण्यातल्या बहुतेक तळालाच राहतात.

कण्हेरीचं पान यासाठी घेऊ नका. रस्त्यांच्या दुभाजकांवर ती भर उन्हाळ्यात हिरवी असते, कारण पान जाड आणि पर्णरंध्रं खालच्या बाजूच्या केसाळ खळग्यांत दडलेली. कार्बन डायऑक्साइड ज्या दारातून आत येतो त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते, म्हणून हा आडोसा.

सगळ्या टिकल्या वर आल्या की लॅम्प बंद करून ग्लासावर स्टीलचा डबा पालथा घाला. अर्ध्या-पाऊण तासाने उघडा. काही पुन्हा खाली गेलेल्या दिसतील: अंधारात पेशींनी श्वसनासाठी तो ऑक्सिजन वापरला. किती बुडाल्या ते लिहा, आणि मग छेदाची आकृती काढायला बसा. मोकळ्या जागेकडे पहिला बाण काढा: आंतरपेशीय अवकाश.