मरीन टँकचं पाणी: आधी बादली तपासा, मग टँक

आमच्या लातूरपासून समुद्र सरळ रेषेत 300 किलोमीटरहून जास्त लांब. इथे मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवायचा तर समुद्र बादलीतच तयार करावा लागतो, आरओचं पाणी आणि पाकिटातलं सॉल्ट मिक्स (समुद्री क्षारांचं मिश्रण) घेऊन. मासा सुस्त दिसला की सगळे टँकचं पाणी तपासतात, पण ज्या बादलीतून ते पाणी आलं तिच्याकडे कुणी बघत नाही. बादलीतली चूक मोरीत ओतून मोकळं होता येतं. टँकमध्ये गेलेली चूक मात्र थोडी थोडी करत अनेक दिवस काढत बसावी लागते, आणि तोवर ती मासे भोगतात.

इथे मी फक्त माशांच्या टँकबद्दल लिहितोय. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते घरी आणायच्या भानगडीत पडू नका.

मूळ पाणी

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारा) स्वस्त मिळतो, तो आधी घ्या. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, मधले दिवस बोअर किंवा टँकरवर निघतात. त्यामुळे एकाच घरात आज 400 दिसतं आणि पुढच्या आठवड्यात 1200. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत चांगला धरतात आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. म्हणजे जे पाणी आपण बिनधास्त पितो, त्यातच टँकला नको तेवढं नायट्रेट असू शकतं. शेतात टाकलेला युरिया शेवटी बोअरमध्येच उतरतो.

घरच्या आरओ मशीनला चवीसाठी टीडीएस ॲडजस्टर असेल तर तो पूर्ण बंद करा, कारण तो कच्चं पाणी परत मिसळतो. 20 लिटरच्या जारवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी मोजलेल्या जारमध्ये कधी 40 भरलं, कधी 150 च्या वर. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची) नळी जोडली की आकडा 0 वर येतो. तो 3-4 दिसू लागला की रेझिन बदला. मिठाच्या पाण्यात मात्र हा मीटर बुडवू नका, एवढं मोजण्याची त्याची ताकद नसते.

रिफ्रॅक्टोमीटरची परीक्षा

समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार), म्हणजे 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) 1.026. ती मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाणी प्रकाश किती वळवतं त्यावरून क्षारता दाखवणारं यंत्र, वापरतात आणि दुकानात सांगतात, "साध्या पाण्यावर शून्य लावा, झालं." मी तेच करत आलो होतो. वर्षभर डायरीत 35 लिहिलं आणि प्रत्यक्षात टँक 33 च्या आसपास चालला होता. माझा रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेला होता. समुद्राचं पाणी प्रकाश थोडा जास्त वळवतं, त्यामुळे असं यंत्र खऱ्या 35 ला साडेछत्तीसच्या जवळ दाखवतं. वर त्याचं शून्यही हललेलं होतं.

म्हणून यंत्र 35 वरच तपासायचं. त्यासाठी तयार द्रावण विकत मिळतं, पण घरीही करता येतं. स्वयंपाकाचं मीठ तव्यावर मंद आचेवर परता, म्हणजे त्यातली ओल जाईल, आणि गार होऊ द्या. 73 ग्रॅम मीठ आणि 1927 ग्रॅम आरओचं पाणी घ्या. हे 3.65 टक्के द्रावण झालं, ते प्रकाश 35 पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याएवढाच वळवतं. पाणीही वजनावरच घ्या, मापाच्या भांड्याने नको. मोठ्या प्रमाणात करायला सांगतोय कारण किचनचा काटा एखादा ग्रॅम इकडे-तिकडे करतो. सोनाराच्या काट्यावर मीठ तोलून मिळालं तर उत्तमच. काचेवर दोन थेंब टाका, झाकण हळूच मिटा, बुडबुडा राहू देऊ नका, अर्धा मिनिट थांबा. मग उजेडाकडे धरून बघा. निळ्या-पांढऱ्याची रेघ 35 वर नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा.

आता आपल्या उन्हाळ्याचं. या यंत्रांची तापमान भरपाई सहसा 10 ते 30 अंशांपर्यंतच असते. मे महिन्यात दुपारी माडीवरच्या खोलीत 38 अंश असताना घेतलेलं माप धरू नका. पहाटे घ्या, नाहीतर यंत्र आणि नमुना दोन्ही गार खोलीत अर्धा तास ठेवून घ्या.

मीठ मिसळणं

सॉल्ट मिक्सचं पाकीट उघडण्याआधी आडवं धरून चांगलं लोळवा. वाहतुकीत बारीक कण तळाशी बसतात. वरचे चार कप आणि खालचे चार कप सारखे राहत नाहीत. पाकीट उघडलं की उरलेलं मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात, आणि श्रावणात त्याचे दगड होतात.

20 लिटर पाण्याला साधारण 700 ग्रॅम मीठ लागतं. बादलीत आधी पाणी घ्या, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) सुरू करा आणि मग मीठ मुठीमुठीने सोडा. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी क्षारांचं प्रमाण एकदम वाढतं, कॅल्शियम कार्बोनेट सुटून पाणी दुधासारखं होतं आणि बादलीला पांढरी पुटं धरतात. ती मग विरघळत नाहीत. गच्चीवर तापलेल्या पाण्यातही हेच होतं. पाणी 25-27 अंशांवर ठेवा आणि रात्रभर फिरू द्या.

सकाळी क्षारता, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात), कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासा. अल्कलिनिटी 7 ते 11 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 450 आणि मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आलं की पाणी टँकमध्ये घालायला हरकत नाही. फक्त माशांच्या टँकला कॅल्शियम थोडं कमी असलं तरी चालतं. तरीही प्रत्येक नव्या पाकिटाला मी ते एकदा मोजतोच. क्षारता बरोबर पण अल्कलिनिटी 5 आली, तर पाकीट ओल खाल्लेलं तरी असतं किंवा आपलं मिसळणं चुकलेलं तरी. ते पाणी टँकमध्ये घालू नका.

टँकच्या चाचण्या

चाचणीचं किट खाऱ्या पाण्यासाठीचं आहे ना, ते आधी वाचा. काचनळी तपासायच्या पाण्यानेच दोनदा खंगाळा. बाटली उभी धरून थेंब टाका, वेळ घड्याळात बघा आणि रंग दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर जुळवा. ट्यूबलाइटखाली हिरवट आणि पिवळट छटांत फसगत होते. नायट्रेटच्या बाटलीत गाळ बसतो, ती नीट हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो.

माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया 0 च हवा. तो दिसला की खाणं बंद करा आणि 25-30 टक्के पाणी बदला. आपल्या टँकचा पीएच 8.1 ते 8.4 असतो, आणि पीएच व तापमान जितकं चढेल तितका अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून मे महिन्यात थोडासाही धोकादायक. नायट्राइटला गोड्या पाण्याच्या टँकमध्ये घाबरतात तितकं इथे घाबरू नका. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड ते माशाच्या रक्तात शिरू देत नाही. पण नव्या टँकमध्ये पहिले चार-सहा आठवडे ते मोजत राहा, ही घाण पचवणारे बॅक्टेरिया बसले की नाही ते त्यावरून कळतं. नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली ठेवा. पीएच रोज एकाच वेळी घ्या, कारण पहाटे तो उतरलेला असतो.

उन्हाळ्यात पंखा आणि कूलरच्या वाऱ्याने पाणी झपाट्याने उडतं. 100 लिटरमधून 5 लिटर उडालं की 35 चं जवळपास 37 होतं, कारण उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. ही भर साध्या आरओच्या पाण्यानेच घाला. टँकला बाहेरून चिकटपट्टी लावून पातळीची खूण करून ठेवा.

डायरीत तारीख, बादलीचे आकडे आणि टँकचे आकडे एकाच ओळीत लिहा. मासा रुसला की मागच्या तीन ओळी वाचल्या तरी बहुतेक वेळा कारण सापडतं.

एवढं सगळं करताना पाणी वाया जातं, आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात ते मनाला लागतं. आरओतून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरा, फरशी आणि मोरीला वापरा. टँकमधून काढलेलं खारं पाणी मात्र कुंडीत, परसात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, माती खारवट होते. ते सरळ मोरीत सोडा.