दुवा चिकटवला म्हणजे संदर्भ झाला असे नाही

दशांशचिन्ह एक घर सरकले, पालकातले लोह कागदावर दहापट झाले आणि तेव्हापासून पालक लोहाचा खजिना ठरला, हा किस्सा बहुतेकांनी ऐकलेला असतो. तो पसरायला मोठा हातभार लागला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या टी. जे. हॅम्ब्लिन यांच्या १९८१ च्या लेखाचा. त्या लेखात या दाव्याला संदर्भच दिलेला नव्हता. २०१० साली माइक सटन यांनी मुळाशी जायचे ठरवले, तेव्हा दशांशाच्या चुकीचा पुरावा कुठेच सापडला नाही. ‘आकडे तपासून घ्या’ हे बजावण्यासाठी सांगितला जाणारा किस्साच वर्षानुवर्षे न तपासता फिरत होता.

इंटरनेटवरच्या संदर्भांत सर्वात जास्त गफलत होते ती इथेच. क ने ख चा हवाला दिलेला असतो, ख ने ग चा, आणि ग ने कुणाचाच नाही. म्हणून एखादा आकडा किंवा विधान सापडले की ते पहिल्यांदा कोणी, कुठे आणि कशाच्या आधारावर मांडले तिथपर्यंत मागे जा. मूळ लेख मिळालाच नाही, तर ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असे स्पष्ट लिहा. न वाचलेला मूळ लेख वाचल्यासारखा यादीत घालणे ही लबाडी आहे, आणि पानाचा क्रमांक चुकीचा उतरला की ती उघडीही पडते.

शोधताना अख्खा प्रश्न टाकण्यापेक्षा उत्तर देणाऱ्या लेखात जे शब्द असतील ते टाका. ‘जागरण केल्यावर अभ्यास लक्षात का राहत नाही’ यातून सल्ल्यांची पाने मिळतील. ‘निद्राअभाव स्मृती विद्यार्थी’ किंवा याच संज्ञा इंग्रजीत टाकल्या तर अभ्यास मिळतील. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, पण दोनचार शब्दांचाच. पूर्ण वाक्य घातले की बहुधा हाती काहीच लागत नाही. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावा. एकाच संकेतस्थळात शोधायचे असेल तर इंग्रजीत ‘साइट’, मग कोलन, मग लगेच त्या स्थळाचा पत्ता टाका. कोलननंतर जागा सुटली तर ही आज्ञा चालत नाही. ‘फाइलटाइप’ आणि कोलनपुढे ‘पीडीएफ’ टाकल्यास अहवाल वर येतात.

मराठीत शोधताना आणखी एक गोची होते. ‘संशोधन’ म्हणजे हिंदीत दुरुस्ती, त्यामुळे कायद्यातल्या बदलांच्या बातम्यांचा ढीग समोर येतो. सोबत एखादा अस्सल मराठी शब्द द्या. ‘आणि’ किंवा ‘आहे’सुद्धा चालतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बदलूनही पाहा, कारण जुन्या मजकुराचे लेखन आजच्यासारखे असेलच असे नाही. युनिकोड (संगणकावर अक्षरे साठवण्याची आजची प्रमाण पद्धत) रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या पीडीएफ तर या शोधात बहुधा येतच नाहीत. त्यांच्यासाठी ग्रंथालयाची सूचीच गाठावी लागते.

शोधनिबंधांसाठी गूगल स्कॉलर (२००४ पासून) सोयीचे आहे. एक चांगला निबंध मिळाला की त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर क्लिक करा: त्यानंतर कोणी त्याला दुजोरा दिला, कोणी खोडून काढले ते कळते. ‘ऑल व्हर्जन्स’मध्ये बऱ्याचदा फुकट प्रतही मिळते. मात्र स्कॉलरमध्ये आले म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेले, असे धरू नका. तिथे प्रबंधही असतात आणि प्रीप्रिंटही, म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच खुले केलेले लेख. अर्काइव्ह या १९९१ पासूनच्या प्रीप्रिंट-भांडारातला लेख तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेला असेलच असे नाही.

पान विश्वासार्ह आहे का, हे त्याच पानावर घुटमळून कळत नाही. स्टॅनफर्डमधले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना अनोळखी संकेतस्थळे दाखवली. इतिहासकार आणि विद्यार्थी पानाची मांडणी, बोधचिन्ह, भारदस्त नाव पाहत राहिले आणि बरेचसे फसले. तथ्य-तपासनीस मात्र पान जेमतेम पाहून शेजारच्या टॅबमध्ये गेले आणि त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधले. तेच करा. संस्थेचे नाव अवतरणचिन्हांत टाका, तिचे स्वतःचे संकेतस्थळ वजा करा आणि तिला पैसा कोण देतो ते पाहा. ‘आमच्याविषयी’ हे पान शेवटी वाचा. स्वतःची ओळख वाईट कोण लिहील?

निबंध मागे घेतला गेलाय का, हेही बघायलाच हवे. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध थेट २०१० मध्ये मागे घेतला गेला; मधली १२ वर्षे तो उद्धृत होत राहिला. जतन केलेल्या पीडीएफवर माघारीचा शिक्का आपोआप उमटत नाही. म्हणून यादी पक्की करण्यापूर्वी प्रत्येक निबंधाचे प्रकाशकाकडचे पान पुन्हा उघडा.

चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांत लेखक खरा, नियतकालिक खरे आणि निबंधच अस्तित्वात नाही, असे होऊ शकते. त्यातला डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, उघडून पाहा. तो ‘१०.’ ने सुरू होतो. उघडलाच, तरी समोरचे शीर्षक तेच आहे ना हे ताडून घ्या, कारण तो भलत्याच निबंधाचाही निघतो.

नोंद वाचतानाच करा. महिन्याभराने पान हलवलेले किंवा पुसलेले असते. एपीए या संदर्भ देण्याच्या प्रचलित पद्धतीत संकेतस्थळावरच्या लेखाचा साचा असा: आडनाव, आद्याक्षर. (वर्ष, महिना दिवस). शीर्षक. संकेतस्थळाचे नाव. दुवा. लेखक नसेल तर संस्थेचे नाव, तेही नसेल तर शीर्षक पुढे आणा. तळाशी कॉपीराइटपुढे दिसणारे वर्ष प्रकाशनाचे समजू नका. ते बऱ्याचदा दरवर्षी आपोआप बदलत असते. तारीख मिळत नसेल तर ‘दिनांक नाही’ लिहा. मजकूर सतत बदलणारा असेल तर पाहिल्याची तारीखही द्या. विकिपीडियाचा हवाला द्यायचाच झाला तर ‘इतिहास पहा’मधून त्या आवृत्तीचा कायम दुवा घ्या. बाकीची पाने वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात साठवा आणि साठवलेली प्रत उघडून पाहा, कारण कधीकधी आत फक्त कुकीची सूचनाच साठलेली असते.

झोटेरो या मोफत साधनाने नोंदी झटपट होतात, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. संस्थेच्या नावाचे ते कधी आडनाव आणि नाव असे तुकडे पाडते. अशा वेळी नावाच्या रकान्यात ‘एकच रकाना’ हा पर्याय निवडा. मराठी नावात वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसले नाही ना, हेही पाहा.

शेवटी प्रत्येक दुवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. विद्यापीठाच्या लॉगिनमधून उचललेला दुवा तुमच्याकडे बिनबोभाट चालतो आणि परीक्षकाकडे पासवर्ड मागतो. अशा जागी डीओआयचा दुवा घाला.