अण्वस्त्रप्रसारविरोधी निर्बंध कसे पाळावेत: आधी माल तपासा, मग नाव

निर्बंधांची तपासणी म्हटली की बहुतेक कंपन्या ग्राहकाचे नाव यादीशी ताडून पाहतात आणि काही सापडले नाही की फाइल पुढे सरकवतात. अण्वस्त्रप्रसाराच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. ज्याच्यावर निर्बंध आहेत तो स्वतःच्या नावाने ऑर्डर देतच नाही. मध्ये एखादी ट्रेडिंग कंपनी असते आणि ती कुठल्याही यादीत नसते. म्हणून सुरुवात मालापासून करा, आणि तीही कोटेशन देण्याआधी.

अणुपुरवठादार गट म्हणजे अणुसंबंधित निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांचा गट. त्याची द्विउपयोगी (नागरी कामात आणि अण्वस्त्रातही चालणाऱ्या) वस्तूंची यादी अनेक देशांच्या निर्यात नियंत्रण याद्यांचा पाया आहे. तुमच्या देशाची यादी उघडा आणि तांत्रिक निकष डिझाइन किंवा क्वालिटी विभागाकडून तपासून घ्या. हे काम एकट्या डिस्पॅचवर सोडू नका. एचएस कोडवरही (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) विसंबू नका. तो सीमाशुल्कासाठी असतो. एकाच कोडखाली नियंत्रित आणि मोकळा असा दोन्ही माल येतो.

चूक नेमकी कुठे होते ते मॅरेजिंग स्टील या अतिमजबूत पोलादावरून कळेल. २०° सेल्सिअसला १९५० मेगापास्कल किंवा त्याहून जास्त ताणबल ‘गाठू शकणारे’ स्टील, असा यादीतला निकष आहे. सर्व बाजूंची मापे ७५ मिलिमीटर किंवा कमी असतील तर सूट मिळते. आता माल सहसा मऊ अवस्थेत जातो, मिल सर्टिफिकेटवर (पोलाद कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्रावर) १००० मेगापास्कलच्या आसपासचा आकडा दिसतो आणि तपासणारा ‘लागू नाही’ असा शेरा मारतो. पण उष्णोपचारानंतर स्टील जिथे पोचते तो आकडाही निकषात धरला जातो, म्हणून सर्टिफिकेटवरचा आकडा सोडून ग्रेड पाहा. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि भरीव दंडगोलांनाही हेच लागू आहे: ४६० मेगापास्कल गाठू शकणारी मिश्रधातू आणि ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाह्य व्यास. ७०७५ ही ॲल्युमिनियमची मिश्रधातू मऊ अवस्थेत असली तरी ताणबलाच्या या निकषात बसते.

माल यादीत नसला तरी सुटका नाही. अनेक देशांच्या कायद्यात ‘कॅच-ऑल’ तरतूद आहे: अण्वस्त्र कार्यक्रमात वापर होणार हे ठाऊक असेल, किंवा तसा संशय घ्यायला जागा असेल, तर साध्या वस्तूलाही परवाना लागतो. उत्तर कोरियाबाबत तर तांत्रिक निकषांपर्यंत जायची गरजच नाही. सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर २०१७ च्या ठराव २३९७ ने एचएस प्रकरण ८४ आणि ८५ मधली यंत्रसामग्री, ७२ ते ८३ मधले धातू आणि ८६ ते ८९ मधली वाहने सरसकट बंद केली आहेत. साधा पंपही त्यात येतो.

यानंतर प्रमाण आणि वापर यांचा मेळ घाला. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथेच. २००३ मध्ये अमेरिकेतून २०० ट्रिगर्ड स्पार्क गॅप मागवले गेले. हा भाग मूतखडे फोडणाऱ्या यंत्रात लागतो आणि अण्वस्त्राच्या स्फोटयंत्रणेतही चालतो. कागदावर वापर होता दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णालयाचा, प्रत्यक्षात माल जाणार होता पाकिस्तानात. एका रुग्णालयाला असे मोजकेच भाग लागतात. त्या ऑर्डरमध्ये हा आकडाच सगळे सांगत होता. म्हणून विक्री विभागाला हे प्रश्न तोंडपाठ हवेत: यंत्र कुठल्या पत्त्यावर बसणार? किती यंत्रांसाठी एवढे सुटे भाग? उभारणी आणि प्रशिक्षण का नको? माल घेणारा म्हणून फ्रेट फॉरवर्डरचे (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीचे) नाव का? अंतिम वापराचे प्रमाणपत्र मध्यस्थाच्या सहीने घेऊ नका. प्रत्यक्ष वापरणाऱ्याचीच सही हवी, आणि त्याच्याशी बोलताना त्याचा फोन नंबर स्वतः शोधून काढा. प्रमाणपत्रावर छापलेला नको.

नावांची तपासणी आता. संयुक्त राष्ट्रांची यादी, तुमच्या देशाची यादी आणि व्यवहाराचे चलन ज्या देशाचे आहे त्याची यादी, तिन्ही पाहा. इराणविरुद्धचे संयुक्त राष्ट्रांचे २०१६ मध्ये उठलेले जुने ठराव सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा लागू झाले. रशिया आणि चीनला ते मान्य नाही, पण २०१६ नंतर केलेली चेकलिस्ट अजून वापरात असेल तर ती आजच बदला. मालकीही उलगडा: अमेरिकी नियमांनुसार यादीतल्या व्यक्तींचा एकत्रित वाटा ५० टक्के किंवा जास्त झाला की कंपनीही गोठते, म्हणजे ३० आणि २५ टक्क्यांचे दोन भागीदार पुरेसे आहेत. जहाज नावाने शोधू नका, नाव बदलते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी आयएमओ क्रमांक कायम राहतो. फारसी आणि कोरियन नावांचे स्पेलिंग अनेक प्रकारे होते, तेव्हा जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक जुळल्याशिवाय होकार किंवा नकार ठरवू नका.

नाव खरेच जुळले तर? इथे भले भले चुकतात: घाबरून ॲडव्हान्स परत पाठवतात. निर्बंध लागलेल्याला पैसे परत करणे हाच नियमभंग ठरू शकतो. रक्कम जिथे आहे तिथेच गोठवा, माल थांबवा, ग्राहकाला कारण सांगू नका आणि संबंधित प्राधिकरणाला कळवा. वित्तीय कारवाई कृती दलाच्या (एफएटीएफ) निकषांनुसार यादीत नाव आल्यावर मालमत्ता ‘विनाविलंब’ गोठवायची असते, म्हणजे शक्यतो काही तासांत. गोठवलेल्या मालमत्तेची माहिती अमेरिकेत १० कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते.

पैसे भलत्याच देशातल्या तिसऱ्या कंपनीकडून आले, किंवा एलसीवरचे (बँकेच्या पतपत्रावरचे) मालाचे वर्णन इन्व्हॉइसशी जुळत नसेल, तर डिस्पॅच थांबवून खुलासा लेखी घ्या. याद्या केव्हाही बदलतात, तेव्हा ऑर्डर स्वीकारताना, माल सुटण्याआधी आणि पैसे घेताना नावे पुन्हा ताडा. प्रत्येक वेळी तारीख, यादीची आवृत्ती आणि ‘नाव जुळत नाही’ हे कशावरून ठरवले याची नोंद ठेवा. अमेरिकेत मार्च २०२५ पासून निर्बंधविषयक नोंदी १० वर्षे सांभाळाव्या लागतात.