परदेशातल्या सेवेत रोजचं मार्गदर्शन: ओळखायचं कसं, पाळायचं कसं

ख्रिस्ती सेवेसाठी परदेशातल्या सेवाक्षेत्रावर पोचलेल्या माणसाचा मोठा प्रश्न बहुधा सुटलेला असतो. देश ठरलेला असतो, मंडळीने (चर्चने) हात ठेवून, प्रार्थना करून पाठवलेलं असतं. रोज अडतं ते बारक्या गोष्टींवर. आज कोणाच्या घरी जायचं, बसमध्ये शेजारी बसलेल्याशी बोलायचं का, मागायला आलेल्याला पैसे द्यायचे का. अशा वेळी नुसतं ‘प्रभू दाखवील’ म्हणून भागत नाही, कारण मनात उठणाऱ्या ओढीत दमणूक, भीती आणि घरची आठवणही मिसळलेली असते.

म्हणून पहिली चाळणी एकच: देवाचं ऐकण्यात आपण चुकलो, तर किंमत कोण मोजणार? आपला तासभर, बसचं भाडं किंवा थोडी फजिती एवढंच जाणार असेल, तर लगेच करून पाहा. इथे खुणा मागत बसणं हा आळसच. पण किंमत स्थानिक विश्वासी, दुभाषी, सहकारी किंवा मुलं मोजणार असतील, तर एकट्याने पाऊल उचलू नका, ओढ कितीही जोरदार असो.

सकाळी अर्धा तास काढा: वीस मिनिटं वचन (पवित्र शास्त्राचं वाचन), दहा मिनिटं दिवसाची यादी. वचन सलग वाचा, एक पुस्तक संपवून दुसरं. पवित्र शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवलं की मनातलंच उत्तर सापडतं. यादीत माणसांची नावं आणि वेळा घेऊन प्रार्थना करा, आणि दिवसात निदान एक तास मुद्दाम रिकामा ठेवा. हे फार जण विसरतात. दिवस काठोकाठ भरलेला असला की वाटेत कोणापाशी थांबण्याची प्रेरणा झाली तरी थांबायला जागाच उरत नाही, आणि मग ‘मला मार्गदर्शन होत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

ऐन वेळच्या प्रार्थनेसाठी नहेम्याचा दुसरा अध्याय बघावा. यरुशलेमची भिंत पुन्हा बांधायला जाऊ इच्छिणाऱ्या नहेम्याला राजा विचारतो, ‘तुझी विनंती काय?’ नहेम्या तिथल्या तिथे देवाची प्रार्थना करतो आणि बोलायला लागतो. पण त्याची मागणी पाहा: नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं, आणि लाकडासाठी वनरक्षक आसाफाला वेगळं पत्र. किसलेव ते नीसान या यहूदी महिन्यांतली साधारण चार महिन्यांची प्रार्थना आणि विचार त्यामागे होता. ज्याने भाषेचा रोजचा अभ्यास टाळला, त्याला नेमक्या क्षणी शब्द सुचतील अशी आशा धरणं हा विश्वास नव्हे.

एक वही ठेवा. पाच रकाने पुरतात: तारीख, काय विचारलं, काय जाणवलं, कोणाला सांगितलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना दोन आठवड्यांनी भरा. त्याच संध्याकाळी भरला तर उत्साह बोलतो. महिन्यातून एकदा ती वही तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकेल अशा माणसाबरोबर वाचा. मग आपल्या खोडी उघड्या पडतात. उदाहरणार्थ, ‘प्रेरणा’ दर वेळी आपली भाषा येणाऱ्या, चहा पाजणाऱ्या घराकडेच नेते. रागीट शेजाऱ्याकडे कधीच नाही. वहीत पूर्ण नावं मात्र लिहू नका, खुणेची अक्षरं वापरा. जिथे धर्मांतरावर कायद्याची किंवा नातेवाइकांची नजर असते, तिथे हरवलेली वही दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

मोठ्या निर्णयांचा, म्हणजे गाव बदलणं, नवं काम काढणं, कोणाला नियमित पैसे देणं यांचा, नमुना प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये आहे. आशिया या रोमी प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्म्याने मनाई केली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, त्रोवसात रात्री प्रेषित पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. दृष्टान्त एकट्याला झाला, पण निष्कर्ष ‘आम्ही’ काढला असं लिहिलं आहे. म्हणून जे जाणवलं ते एका वाक्यात लिहा. एका वाक्यात मावत नसेल तर ते अजून पिकलेलं नाही. मग वचनाशी ताडून, तीन ठिकाणी विचारा: संघप्रमुख, तिथल्या मंडळीचे पाळक, पाठवणारी मंडळी. तिघांना सारखीच माहिती द्या, गैरसोयीची सुद्धा. निदान आठवडा थांबा. शेवटी, मागे फिरता येईल असं छोटं पाऊल टाका: घर बदलण्याआधी तिथे दोन आठवडे राहून पाहा.

स्थानिक पाळकांचं मत यात सर्वांत जड धरावं असं आमचं मत आहे. कोणत्या घरी गेल्यावर गल्लीत काय बोललं जाईल, हे त्यांना आधीच माहीत असतं.

बंद दाराचा अर्थ लावायची घाई नको. अमेरिकन मिशनरी ॲडोनायरम जडसन 1812 मध्ये कलकत्त्याला पोचले, ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना निघून जायला सांगितलं, आणि फिरत फिरत 1813 मध्ये ते ब्रह्मदेशात रंगूनला लागले. तिथे पहिला बाप्तिस्मा व्हायला 1819 उजाडलं. नकार आला की आधी कागद तपासा: फॉर्म चुकला, मुदत संपली की धोरणच बदललं? उघडं दारही तपासावं लागतं. पर्यटक व्हिसावर धार्मिक काम करायला बंदी असलेल्या देशात नाक्यावर कोणी अडवलं नाही, ही देवाची परवानगी नव्हे. तुम्हाला परत पाठवतील. चौकशीला तुमचे यजमान बसतील.

बाकी घोटाळे ठरलेले आहेत. ‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य दुभाष्याच्या तोंडून आणि परदेशी पाहुण्याच्या नावाने गेलं की ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. ‘मला असं वाटतं, तुम्हीही प्रार्थना करून बघा’ एवढंच म्हणा. शास्त्रातल्या गिदोनाने लोकर ओली आणि जमीन कोरडी राहू दे अशी खूण देवाकडे मागितली, तशा अटी घालणंही टाळा. त्याला आज्ञा आधीच मिळाली होती, लोकर त्याच्या शंकेपायी होती. विश्वासाच्या नावाखाली औषध सोडू नका: मलेरिया टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल, तर तो भाग सोडल्यावरही ती 4 आठवडे घ्यावी लागते. ताप, जागरण, उपाशी पोट किंवा भांडणाच्या दिवशी काहीच ठरवू नका. आणि बालसुरक्षेचे नियम कोणत्याही प्रेरणेने शिथिल होत नाहीत; मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही म्हणजे नाही.

एक अपवाद उलट्या दिशेचा. एखाद्या जागी किंवा माणसाजवळ जीव घाबरला, तर पुरावा, चर्चा, आठवडा काही नको. सोबत्यांना घेऊन निघा, खूण पटवणं नंतर.

मार्गदर्शन खरं होतं की नाही, हे सुखावरून मोजू नका. पौलाच्या त्या दृष्टान्तात पुरुष बोलावत होता. मासेदोनियातल्या फिलिप्पैत आधी भेटल्या नदीकाठी जमलेल्या बायका आणि जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया, आणि थोड्याच दिवसांत पौल व सीला तुरुंगात होते. तरी ती वाट चुकलेली नव्हती. पण खरोखर चुकलात, तर ‘प्रभूची योजना वेगळी होती’ म्हणून झाकू नका. ज्याला झळ बसली त्याच्याकडे जाऊन तसं सांगा, झालेला खर्च भरून द्या.

क्षेत्र सोडताना प्रेरणेने दिलेल्या शब्दांची यादी पुढच्या माणसाच्या हाती द्या: कोणाला भेटायचं कबूल केलं आहे, कोणाच्या फीचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंत द्यायचे आहेत, आणि कोणाला काहीच कबूल केलेलं नाही. ही शेवटची ओळ विसरू नका, कारण तुम्ही गेल्यावर पहिली विचारणा त्यांचीच येते.