मामाला झोप येत नव्हती तेव्हा फोनवरून काय काय केलं, तुम्हालाबी उपयोगी पडंल

सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हापासून आमचे परभणीकडचे मामा रात्री दोन-दोनला उठून ओट्यावर बसायलेत, जेवण तुटलं, कुणाशी बोलंनात. दवाखान्यात चला म्हणलं की "मी काय येडा हाव का" म्हणून उठून जायचे. तुमच्याकडंबी असं कुणी असंल तर आधी 14416 लावा. हे टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन हाय, 2022 पासून चालू, फुकट अन् चोवीस तास. भाषा मराठी निवडायची, मग समुपदेशक बोलतात, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाकडं जोडून देतात. माणूस तयार नसला तर घरच्यानं लावला तरी चालतं, आम्ही तसंच केलं.

पण माणूस जीव द्यायच्या गोष्टी बोलत असंल तर ॲप-बिप नंतर बघा. फवारणीचं औषध त्याच दिवशी कुलपात टाका नायतर शेजारी नेऊन ठेवा, माणसाला एकटं सोडू नका, अन् काही घेतलंच असंल तर लगेच 108. हे लय महत्त्वाचं हाय, कारण तो विचार बऱ्याचदा थोड्या वेळासाठी उसळतो, तेवढ्यात हाताशी औषध नसलं तर जीव वाचू शकतो.

मग ई-संजीवनी, म्हणजे घरबसल्या फोनवरून डॉक्टरला दाखवायची सरकारी सोय. मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो, टोकन मिळतं, डॉक्टर व्हिडिओवर दिसतात, चिठ्ठी फोनवरच येते. रेंज नसली तर गच्चीवर बसा नायतर गावच्या आरोग्य केंद्रातून करा. सवय लागणाऱ्या काही गोळ्या फोनवर लिहून देत नाहीत, त्यासाठी जावंच लागतं, त्याचा राग धरू नका.

डॉक्टर पहिल्यांदा झोप, भूक, दारू अन् चालू गोळ्या विचारतात. म्हणून आठ दिवस आधीपासून रोज एक ओळ लिहून ठेवा, कधी झोपले, किती जेवले. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकला तरी झालं. गोळीला अलार्म लावा. बरं वाटायलंय म्हणून मनानं बंद करू नका, मामांनी केली अन् पंधरा दिवसात परत तेच. बीपी-शुगरबी त्याच वहीत लिहा, मेंदूच्या नसांवर त्याचाच मार बसतो.

मूड तपासणारे ॲप लय हायत, पण कॉन्टॅक्ट अन् फोटोची परवानगी मागत असंल तर काढून टाका.

मामीचा फोन बटनाचा, तिला वाचता येत नाही, म्हणून 14416 स्पीड डायलला 2 वर लावून दिलं अन् तिच्या हातानं एकदा दाबून घेतलं.