नेपोलियनच्या काळातला नौदल अधिकारी शोधायचाय? आधी तारखा, मग जहाजं

ब्रिटिश नौदलातला १७९३ ते १८१५ मधला कोणी अधिकारी शोधत असाल तर त्याचं चरित्र वाचायला लगेच बसू नका, आधी तीन तारखा काढा: लेफ्टनंट कधी, कमांडर कधी, पोस्ट कॅप्टन (म्हणजे पूर्ण दर्जाचा कॅप्टन) कधी. कॅप्टनच्या पुढे सगळं सीनियॉरिटीवर चालायचं, त्यामुळे एकाच नावाचे दोघंतिघं निघाले तरी कमिशनच्या (त्या पदावरच्या नेमणुकीच्या) तारखेवरून आपला माणूस ओळखता येतो. या तारखा नेव्ही लिस्टमध्ये, म्हणजे नौदल अधिकाऱ्यांच्या छापील यादीत मिळतात: स्टीलची खासगी नेव्ही लिस्ट आणि १८१४ पासूनची सरकारी नेव्ही लिस्ट, दोन्हीचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात.

उदाहरण म्हणून फ्रान्सिस ऑस्टेन घ्या, जेन ऑस्टेनचा भाऊ. डिसेंबर १७९२ मध्ये लेफ्टनंट, मे १८०० मध्ये पोस्ट कॅप्टन, पण रिअर ॲडमिरल व्हायला १८३० उजाडलं.

मग ओ'बायर्नचा १८४९ चा नौदल अधिकाऱ्यांचा चरित्रकोश बघा, त्यात १८४५ ला हयात असलेले लेफ्टनंट आणि वरचे सगळे आहेत. मार्शलचा असाच चरित्रकोश त्याच्या आधीचा. वाचा जरूर, पण बरीचशी माहिती अधिकाऱ्यांकडूनच मागवलेली असायची हे ध्यानात ठेवा, म्हणजे आपापली बाजू आलीच.

खरी मजा लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. लेफ्टनंटच्या परीक्षेचे दाखले एडीएम १०७ मध्ये आहेत (एडीएम म्हणजे तिथल्या नौदलाच्या कागदपत्रांचा विभाग, पुढचा आकडा मालिकेचा), त्यात पोरगा कुठल्या जहाजावर किती काळ होता ते सगळं मिळतं कारण सहा वर्षांची समुद्रसेवा दाखवावीच लागायची. आणि इथेच सावध राहा, पोरगा घरी असताना नाव मात्र जहाजाच्या पटावर, असं सर्रास चालायचं आणि वयही वाढवून सांगायचे. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद वेगळी शोधाच. जहाजांचे मस्टर, म्हणजे जहाजावरच्या माणसांचे पट, एडीएम ३६ आणि ३७ मध्ये. तिथे नावापुढे डी म्हणजे जहाजावरून सोडला, डीडी म्हणजे मेला, आर म्हणजे पळाला.

मस्टरवर थांबू नका, लॉगबुक म्हणजे जहाजाची रोजनिशी उघडा. कॅप्टनचं एडीएम ५१ मध्ये, मास्टरचं (जहाजाची दिशा ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं) ५२ मध्ये, लेफ्टनंटची लॉगबुकं ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये. ऑस्टेन १८०५ मध्ये कॅनोपसचा कॅप्टन होता, नेल्सनच्याच ताफ्यात, तरी ट्रफाल्गरच्या लढाईत नव्हता, कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला जहाज पाणी आणि सामान भरायला जिब्राल्टरकडे पाठवलेलं आणि २१ तारखेची लढाई हुकली. ६ फेब्रुवारी १८०६ ला सॅन डोमिंगोच्या लढाईत मात्र तो लढला. ताफ्याचं नाव बघून लढाई गृहीत धरली की असं फसायला होतं. अजून एक, १८०५ च्या शेवटापर्यंत लॉगचा दिवस दुपारी सुरू व्हायचा, म्हणजे सोमवारी संध्याकाळची घटना मंगळवारच्या पानावर सापडते. तारखा जुळत नाहीत म्हणून वैतागण्याआधी हे तपासा.

जहाज मिंडेन किंवा कॉर्नवॉलिस असेल तर ते आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, १८१० आणि १८१३ सालचं.

१८१५ नंतर बहुतेकजण किनाऱ्यावर अर्ध्या पगारावर बसले, त्या पगाराच्या नोंदी एडीएम २५ मध्ये. मृत्युपत्रं प्रॉब ११ मध्ये (तिथलीच मृत्युपत्रांची मालिका), पण फक्त जानेवारी १८५८ पर्यंतची. ऑस्टेन गेला १८६५ ला, तेव्हा त्याच्यासारख्यांसाठी त्यानंतरचं प्रोबेट कॅलेंडर, म्हणजे मंजूर झालेल्या मृत्युपत्रांची सूची, चाळावं लागतं.